बिनवाट

पहाटेच्या वेल्ह्याच्या एसटीत
उमाकांतच्या मांडीवर नकाशा होता,
घडीघडीवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या.
सहा टेकाडांना पेन्सिलीची सहा टिंबं
आणि मधे एकही रेघ नाही.
"रेघ आपण," तो म्हणाला.
तन्वीरनं जांभई दिली. मी गुडघ्याला पट्टा बांधला.

पहिलं टेकाड माफ करतं.
दुसऱ्यावरून वणवा जाऊन गेलेला.
पाऊल पडेल तिथं राख उडायची,
नाक, डबा, रुमाल, सगळं एका रंगाचं.
तिसऱ्याच्या सोंडेवर गवत वाळून
तेल चोपडल्यासारखं.
दोन पावलं वर, एक खाली,
कधी एक वर आणि दोन खाली.
मी बसून चढले. हो, बसून.
पंचावन्नाव्या वर्षी पाठीवरचं ओझं कमी करायचं
तर लाज आधी काढून ठेवावी.

कारवीत शिरल्यावर पुढचा माणूस म्हणजे
नुसती खसखस आणि एखादी शिवी.
"डावीकडे घे."
"डावं कुणाचं? तुझं की माझं?"
करवंदीनं माझ्या बाहीवर सही केली,
मग तन्वीरच्या कानावर.

चौथं तीनदा चढलो.
माथा म्हणून टेकावं, तर त्याच्यामागे
दुसरा माथा, पदर खोचून उभा.
नकाशात इथल्या रेषा इतक्या खेटून
की एक तपकिरी डागच झालाय.
त्या डागातून आम्ही दीड तास चाललो.
पाणी अर्धी बाटली, तिघांत.

आणि पाचव्याच्या खिंडीत,
कुणी असायचं कारणच नव्हतं तिथं,
एक बाई.
हातात कोयती, पायात प्लास्टिकच्या चपला,
एकीचा अंगठा तारेनं शिवलेला.
आमच्या टोप्या, काठ्या, बूट
तिनं सावकाश बघून घेतले. विचारलं,
"काय हरवलंय तुमचं?"

काही नाही, उमाकांत म्हणाला.
"मग हिकडनं कशापायी?"
त्यानं नकाशा उघडला, टिंबं दाखवली.
डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बघावं
तसं तिनं टिंबांकडे बघितलं
आणि कमरेची बाटली सोडून माझ्या हातात दिली.
"माजी तांबडी कालवड सुटलीया परवाधरनं.
डावं शिंग मोडकं.
घावली तर पासलीत सांगा, कोंडाबाईची म्हणून."
आणि गेली. आम्हाला जिथं
नुसता कडा दिसत होता तिथून,
जिना उतरावा तशी.

नंतर माथ्याकडे कुणी बघेना.
तन्वीर प्रत्येक नाळेच्या तोंडाशी
श्वास धरून उभा राही.
एका कातळाआड शेण दिसलं
आणि आजचं की कालचं यावर
तीन शिकलेली माणसं गुडघ्यांवर बसून भांडली.
शेवटी मी बोट लावलं.
ओलं.

खुरं उत्तरेच्या नाळेत उतरत होती.
आम्हीही उतरलो, घसाऱ्यावरून,
दगड आमच्या आधी पोचत होते.
उन्हं गेली. खालून एकदा घंटेसारखं वाजलं.
कदाचित तांबट असेल.
पुन्हा वाजलं नाही.

सहावं टिंब राहिलं.
पासलीत टपरीवर अंधारात निरोप दिला:
खुरं उत्तरेच्या नाळेकडे, शेण आजचं.
टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता मान हलवली,
"सांगतो की,"
जणू आम्ही रोजचेच.

रात्री कात्रजच्या बोगद्यात मोजे काढले.
टाचेत तीन काटे.
दोन निघाले.
तिसरा अजून ऑफिसचा जिना चढताना बोलतो.

चार दिवसांनी तन्वीरचा फोन:
"सापडली असेल का गं?"
असेल की, मी म्हणते,
आणि खिडकीतून तळजाईच्या उतारावर
उगाच शोधत राहते
काही तांबडं हलतंय का.